घरी आहे, पण मोकळी नाही

दुपारचे सव्वातीन वाजलेले. जेवणं आटोपलेली, भांडी पालथी घातलेली आणि पलीकडच्या गल्लीतल्या काकू लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभ्या. सूनबाई आतल्या खोलीत, दार लोटलेलं. आता सांगा, अशा वेळी तुम्ही काय कराल? मी जे केलं तेच तुम्हीही कराल. मी दारावर टकटक केली आणि म्हटलं, "पाचच मिनिटं बाहेर ये गं. काकू आल्यात. पत्रिका घ्यायला घरची सून नको का?"

ती आली. हसून बोलली, चहा ठेवला, काकूंना हळदीकुंकू लावलं. काकू उठल्या तेव्हा चार वाजत आले होते. त्या रात्री एकच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर तिच्या खोलीत दिवा. "अगं, अजून?" म्हटलं, तर म्हणाली, "दुपारचं राहिलंय, आई. होतच आलंय."

मी मनात हिशोब केला. दुपारी गेला फार तर पाऊण तास. मग तो भरून काढायला रात्रीचा एक कसा वाजला? मला वाटलं, आजकालच्या मुलींना कामाचा उरक नाही. खोटं कशाला सांगू, अगदी हेच वाटलं. तो हिशोब कुठं चुकत होता ते कळायला मला पुढं दोन महिने लागले, आणि तोवर आमच्या घरात बरंच काही घडून गेलं. ते तुम्हाला सांगावं असं वाटलं, कारण असं एक लोटलेलं दार आता तुमच्याही घरात असेल, नाहीतर उद्या येईल.

आमचं चाकूर म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण. शिवराज पाटील चाकूरकरांच्या आडनावामुळं गावाचं नाव दिल्लीपर्यंत ऐकू गेलं, सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्रही इथं आलं. पण पुण्याच्या कंपनीतली नोकरी चाकुरात बसून करता येईल असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही हसलो असतो. मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली आणि पुण्या-हैदराबादकडं गेलेली लेकरं एकेक करून घरी परतली. कुणी माळवदावर, कुणी शेतातल्या आखाड्यावर, जिथं नेट पकडेल तिथं लॅपटॉप घेऊन बसायला लागलं. पुढं टाळेबंदी उठली, कार्यालयं उघडली. बरीचशी पोरं परत गेली, काही राहिली. आमच्या सूनबाईंना कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली ती तशीच ठेवली. मुलाचं खतं-बियाण्यांचं दुकान इथं, नात चार वर्षांची, त्यामुळं आम्हाला तर देव पावल्यासारखं झालं.

ती नेमकं काय करते, हे मी बरेच दिवस विचारलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्यांनी तयार केलेला प्रोग्रॅम कुठं चुकतो ते शोधून काढायचं, हे तिचं काम. मला समजावं म्हणून ती म्हणाली, "आई, डाळ निवडतो ना, तसं. फक्त खडे डाळीच्याच रंगाचे असतात."

तर एका महिन्यात असे दोन खडे तिच्या नजरेतून निसटले. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडले आणि साहेबांचा फोन आला. आवाज चढवून काही बोलले नाहीत म्हणे, पण म्हणाले की घरून लक्ष लागत नसेल तर पुण्याला येऊन बसा, पुढच्या तिमाहीत बघू. त्या रात्री नवरा-बायको बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. घराचे हप्ते तिच्या पगारातून जातात. ती लेकराला घेऊन पुण्याला गेली तर इकडं हा एकटा. नोकरी सोडली तर हप्ते कुणी भरायचे? मी अंथरुणात पडून ऐकत होते. काकूंची ती पत्रिका तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आली.

घरी बसून दुसऱ्याचं काम करणं आपल्या बायकांना नवीन नाही, बरं का. इथून जवळच सोलापूरला जा. तिथल्या बायका कारखान्यातून पानं आणि तंबाखू घेऊन येतात, घरी बसून विड्या वळतात आणि कारखान्यात नेऊन देतात. तिथं त्या तपासल्या जातात, खराब निघालेल्या बाजूला पडतात. ते कष्टाचं आणि थोडक्या मजुरीचं काम, त्याचं कौतुक मी करत नाही. लिज्जत पापडाचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. त्यांची रीत बघा. सकाळी शाखेत जायचं, काल लाटलेले वाळलेले पापड द्यायचे, ते तपासून-वजन करून घ्यायचे, मजुरी घ्यायची, आज लाटायचं पीठ घ्यायचं. पापड जाड झाले, कमी वाळले, काय असेल ते बोलणं तिथंच. एकदा पीठ घेऊन घरी आलं की दिवसभर पोळपाट-लाटणं आणि ती बाई. दुपारी दोन वाजता शाखेतून कुणी ओरडून विचारत नाही, किती लाटले?

बोलण्याची वेळ वेगळी, लाटण्याची वेळ वेगळी. सूनबाईंच्या कामात या दोन्ही वेळा एकमेकींत कालवल्या गेल्या होत्या, आणि कालवणारे दोघं होते. एक तिचा फोन. दुसरी मी.

फोनचं आधी सांगते. मी एक दिवस मुद्दाम तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले. सकाळी अकरा ते एक. दोन तासांत तो फोन किती वेळा टिंगटिंगला ते मोजायला गेले आणि मोजणं सोडून दिलं. कुणी लिहितंय "हॅलो". नुसतं हॅलो! हिनं हातातलं सोडून "बोला" लिहायचं, मग तिकडून पाच मिनिटं काही नाही, मग "मोकळ्या आहात का?" आणि मग चार ओळींचा प्रश्न. कुणी ग्रुपवर अंगठा दाखवतंय, कुणी हात जोडतंय. त्यातच एक मीटिंग, तिच्यात हिला बोलायला मिळालं दोन वाक्यं, बसावं लागलं पाऊण तास.

आणि मी? त्या एका दिवसात मी काय-काय विचारलं ते रात्री आठवून बघितलं. गॅसची टाकी संपली, नंबर लावशील का? लेकराचा फ्रॉक कुठं ठेवलाय? भाजी मेथीची करू का वांग्याची? हा दुकानात मोबाईल उचलेना, तू लावून बघ. सगळं मिळून सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी मी म्हटलं, "एकच मिनिट".

हे एक मिनिट किती लांबतं, त्याचा अभ्यास लोकांनी केला आहे. ग्लोरिया मार्क नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयात माणसांच्या शेजारी बसून, घड्याळ लावून नोंदी केल्या. २००५ साली त्यांनी मांडलं की एकदा मोडलेल्या कामाकडं माणूस त्याच दिवशी परत येतो तेव्हा मध्ये सरासरी पंचवीस मिनिटं गेलेली असतात, कारण मधल्या वेळात तो आणखी दुसऱ्याच कामांत शिरलेला असतो. सोफी लेरॉय यांनी २००९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. अर्धं काम सोडून दुसरं घेतलं की मनाचा एक तुकडा पहिल्या कामातच अडकून राहतो, आणि दुसरं काम तेवढं कच्चं होतं.

हे वाचून मला माझं स्वेटरचं विणकाम आठवलं. नक्षीचा घर-घर हिशोब डोक्यात धरलेला असतो. दोन उलटे, एक सुलटा, मग जाळी. मधेच कुणी विचारलं, "दूध उतू चाललंय का गं?" की मोजणी गेली. आता विचारणाऱ्याचा वेळ किती गेला? पळभर. आपल्याला मात्र सगळी ओळ उसवून पुन्हा मोजावी लागते. आणि उसवली नाही तर चूक वीस ओळी वर गेल्यावर दिसते. सूनबाईंचे दोन खडे असेच निसटले होते.

मार्क बाईंच्या नंतरच्या एका पाहणीत तर असंही निघालं की सतत अडवली जाणारी माणसं काम पुरं करतात, उलट जरा घाईनंच करतात, पण त्यांच्यावरचा ताण आणि चिडचिड वाढलेली असते. म्हणजे काम झालेलं दिसतं म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. संध्याकाळी पोरीच्या पाठीत धपाटा बसतो तो कुठून येतो, ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, फोन बंद करून ठेवावा. तेही झालं. साहेबांच्या फोननंतर सूनबाईंनी जिद्दीनं तेच केलं. फोन मुका करून उशीखाली, लॅपटॉपवरचे ग्रुप बंद, मला सांगितलं, "आई, सहापर्यंत मी नाहीच असं समजा." दोन दिवस घरात चिडीचूप. नात कुजबुजत बोलायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीतून बाहेर आली ती रडवेली होऊन. झालं असं होतं की पहिल्याच दिवशी सकाळी गिऱ्हाइकानं एक भाग बदलायला सांगितला, टीमनं ते ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी वाचलं आणि हिनं दोन दिवस जो भाग रद्दच झाला होता तो डोळ्यांत तेल घालून तपासला.

कार्यालयात बसणाऱ्याला पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. साहेबांचा चेहरा बघून कळतं, चहाच्या वेळी कानावर पडतं, शेजारचीच्या टेबलावर काय चाललंय ते दिसतं. चाकुरात बसलेल्या बाईला जे लिहून येईल तेवढंच कळतं. तिनं कान बंद केले की ती विहिरीत. शिवाय ती कुणाला दिसत नाही, त्यामुळं ती काम करते आहे हेही तिनं सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. फोन सतत चालू ठेवला तर काम मोडतं आणि बंद ठेवला तर वाट चुकते, असा तो पेच होता.

मला यातून वाट सुचली ती जुन्या आठवणीवरून. आमच्या वेळी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. आधी नंबर नोंदवायचा आणि मग ताटकळत बसायचं. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि त्याहून वरचा लाइटनिंग कॉल. लाइटनिंग सगळ्यांत महाग, म्हणून कुणी गेल्याची बातमी असली तरच. तीन-तीन मिनिटांचे पैसे पडायचे, त्यामुळं काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून ठेवायचे लोक. बाकी सगळं आंतरदेशीय पत्रात. माझ्या आईचं पत्र आठवतं. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागणार हे ठाऊक असल्यामुळं ती सगळं एकाच पत्रात मांडायची. येणार केव्हा, कोणत्या गाडीनं, सोबत कोण, गाडी चुकली तर काय करायचं, आणि कडेच्या पट्टीवर उभ्या ओळीत लोणच्याचं प्रमाण. "हॅलो, पत्र वाचतेस का?" एवढंच लिहून तिनं कधी आंतरदेशीय टाकलं नाही!

मी सूनबाईंना म्हटलं, आता सगळेच लाइटनिंग कॉल लावतात, कारण ते फुकट झालेत. ती आधी हसली. मग तिनं खरंच कागद घेतला.

तिनं साहेबांना एक लांब संदेश लिहिला, आंतरदेशीय पत्रासारखा. तक्रार म्हणून नव्हे. आधी दोन्ही चुका कबूल केल्या, मग त्या कशा झाल्या ते सांगितलं आणि मग मागणी केली. रोज सकाळी दहाला पंधरा मिनिटं सगळ्यांनी बोलायचं, काल काय झालं, आज काय, कुठं अडलंय. अकरा ते एक आणि तीन ते साडेचार तिला कुणी हाक मारायची नाही. या वेळेत आलेल्या संदेशांना ती एक वाजता आणि साडेचारला उत्तर देईल, त्याच दिवशी, नक्की. आणि खरंच घर पेटल्यासारखं काही असेल तर संदेश न पाठवता सरळ फोन लावायचा. तो ती केव्हाही उचलेल. विचारणाऱ्यानं प्रश्न एकदमच पुरा लिहावा. कोणता भाग, काय दिसतंय, केव्हापर्यंत हवंय. शेवटी तिनं लिहिलं की एक महिना करून बघू, चुका वाढल्या तर मी पुण्याला येईन.

हे शेवटचं वाक्य तिनं आम्हाला न विचारता लिहिलं होतं. मला ते वाचून कसंसंच झालं, पण माझ्या मते त्याच वाक्यामुळं साहेब तयार झाले.

एक मात्र तुम्हाला आधीच सांगते. हे पहिल्या आठवड्यात जमलं नाही. सवय लोकांची असते तशी आपलीही असते. तिनं स्वतःच कबूल केलं की कुणी हाक मारत नसतानासुद्धा तिचा हात दर दहा मिनिटांनी फोनकडं जायचा. अभ्यास करणाऱ्यांनीही म्हटलंय की बाहेरून येणाऱ्या अडथळ्यांइतकेच जवळजवळ आपण आपल्यालाच अडवतो. मग फोन माझ्याकडं स्वयंपाकघरात, डब्यांच्या फडताळावर राहायला लागला. कॉल वाजला तर मी नेऊन द्यायचा, टिंगटिंग झाली तर द्यायचा नाही. या वयात मी टेलिफोन ऑपरेटर झाले म्हणा ना!

घरातली बाजू याहून अवघड होती. साहेबांना लिहून कळवता येतं. घराला कसं कळवायचं? सून घरात असून बाहेर येत नाही म्हटल्यावर माणसं काय बोलतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सुरुवातीला मी पाहुण्यांना "तिला बरं नाही" असं सांगायची. एकदा त्यावरून एका वहिनींनी गोड बातमीचा अंदाज बांधला आणि तो बसस्टँडपर्यंत गेला. तेव्हापासून मी खरं तेच सांगते. "ती कामावर आहे. साडेचारला सुटेल. तोवर माझ्याशी बोला."

लपवण्याची ही गंमत फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी १९६२ साली अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली. लेकरंबाळं झाल्यामुळं नोकऱ्या सुटलेल्या हुशार बायकांना त्यांनी घरी बसून काम दिलं. पहिल्या ३०० माणसांत पुरुष फक्त तीन! त्या काळी घरात संगणक कुठला, कागद-पेन्सिलीवर प्रोग्रॅम लिहायचा. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं काम या बायकांनी केलं. पण पत्रावर स्टेफनी अशी सही केली की गिऱ्हाईक दाद देत नसे, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करायला लागल्या. आणि फोन आला की मागं टंकलेखनाच्या खडखडाटाची टेप लावायच्या, म्हणजे घरातल्या लेकराचा आवाज लपावा आणि मोठं कार्यालय चाललंय असं वाटावं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या ९१ व्या वर्षी वारल्या. मला ही गोष्ट वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्या सूनबाईसुद्धा कुकरची शिट्टी होईल म्हणून मीटिंगच्या वेळी मला गॅस बंद करायला सांगायच्या. आता सांगत नाहीत. शिट्टी झाली तर झाली. पुण्याच्या साहेबांच्याही घरी वरण शिजतच असेल की.

दार बंद असताना केव्हा ठोठवायचं, हे आम्ही घरात बसून ठरवलं. लेकराला लागलं किंवा ताप आला तर. म्हातारं माणूस पडलं तर. आणि नळ आला तर. शेवटचं वाचून पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी हसतील, पण मराठवाड्यातल्या लहान गावांत नळ रोज येत नाही आणि येतो तेव्हा कुणाच्या मीटिंगसाठी थांबत नाही. तरी त्यातही सुधारणा झाली. मोटार लावणं, टाकी भरणं, पिण्याचं गाळून ठेवणं हे आता दुकानातून उठून मुलगा करतो. पाच मिनिटांचा तर रस्ता. इतकी वर्षं त्यानं ते केलं नाही कारण घरात दोन बायका होत्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आकडे आलेत. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाचे ८८. तेही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचे. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. दारावर टकटक होते ती बहुतेक या दोन आकड्यांमधल्या फरकामुळंच होते. तेव्हा मैत्रिणींनो, सुनेची खोली वेगळी केली, पडदा लावला, पंखा बसवला, एवढ्यानं भागत नाही. तिच्या वाटणीचं कुणीतरी उचलावं लागतं आणि ते सगळं सासूवर टाकूनही चालत नाही.

लहानग्यांना घड्याळ कळत नाही. नातीसाठी आम्ही दाराच्या कडीला लाल रिबीन बांधायला लागलो. रिबीन आहे तोवर आई "शाळेत". रिबीन सुटली की सगळ्यात आधी तिनंच आत धावायचं आणि पंधरा मिनिटं आई फक्त तिची, फोन तेव्हाही फडताळावर. हे पंधरा मिनिटांचं वचन पाळलं तरच लेकरू दोन तास थांबतं. एकदा मोडलं तर दुसऱ्या दिवशी रिबीन कात्रीनं कापून ठेवतं, हे मी अनुभवानं सांगते.

वीज आणि नेट या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. पावसाळ्यात वारं सुटलं की लाईट गेलीच म्हणून समजा. यावर सूनबाईंनी केलं ते इतकंच की टीमला आधीच सांगून ठेवलं, मी अचानक दिसेनाशी झाले तर लाईट गेली समजा, मी मोबाईलवरून अर्ध्या तासात कळवीन. आणि खरंच कळवते. आधी सांगून ठेवलं की माणसं फार समजून घेतात. आपल्या येळवशीचंच बघा ना. वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं रिकामी होतात, सगळी शेतात. आदल्या रात्री भज्जी, आंबील, उंडे करण्यात बायकांचा डोळ्याला डोळा लागत नाही. पुण्याच्या टीमला हे कुठून ठाऊक असणार? पहिल्या वर्षी हिनं आदल्या दिवशी रजा मागितली आणि तोंड वाकडं झालं. यंदा पंधरा दिवस आधी लिहून कळवलं, सणाची माहिती दिली, दोन दिवसांचं काम पुढं करून ठेवलं. साहेबांनी उलट विचारलं म्हणे, ती भज्जी कशी करतात?

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी नवं बाळ येणार आहे आणि सून किंवा लेक नोकरीत आहे, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, आणि रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करायची परवानगी मालक देऊ शकतो, अशी सोयही तिच्यात आली. पुढं सामाजिक सुरक्षा संहितेतही ती राहिली. हा हक्क नव्हे, दोघांनी मिळून ठरवायची गोष्ट आहे. म्हणून विचारतानाच सगळं लिहून विचारावं. किती महिने, कोणत्या वेळा, केव्हा बोलता येईल, केव्हा नाही.

आणि आमच्या घरी कुठली आली कंपनी, असं म्हणून पान उलटू नका. तुम्ही ब्लाउज शिवत असाल, डबे देत असाल, शिकवण्या घेत असाल, तरी हेच. बाही बेतताना गिऱ्हाइकाचा फोन येतो, "वहिनी, काय करायलाव?" आणि कात्री वाकडी जाते. माझी एक मैत्रीण शिवणकाम करते. तिनं दारावर पाटी लावली, माप देणं-घेणं सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून ती महिनाभर धास्तावली होती. दोघी-तिघी रुसल्या खऱ्या. पण फिटिंगची दुरुस्ती कमी झाली, आणि रुसलेल्यांपैकी एक परत आली.

तिमाही संपली तेव्हा साहेबांचा फोन आला. पुण्याला या असं म्हणाले नाहीत. अकरा ते एकची वेळ आता त्यांनी सगळ्या टीमलाच लावून दिलीय, आणि स्वतःलाही.

त्या संध्याकाळी सूनबाई चहाचा कप घेऊन माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, "आई, तुमची बंद दाराची वेळ कोणती?" मी म्हटलं, मला काय करायचंय बंद दार? पण प्रश्न डोक्यात राहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, एक तास कुणीही हाक मारणार नाही असा माझा दिवसात कधी होता? बाळंतपणातसुद्धा नव्हता. दोन दिवस विचार करून मी सांगितलं, संध्याकाळी पाच ते सहा. त्या वेळेला लेकरू आईकडं असतं, चहा झालेला असतो, स्वयंपाकाला अवकाश असतो.

पहिल्या दिवशी दार लावून बसले तर काय करावं सुचेना. कपाट आवरलं. दुसऱ्या दिवशी झोपले. आता मी ते अर्धवट राहिलेलं स्वेटर काढलंय, जाळीच्या नक्षीचं. वीसेक ओळी उसवाव्या लागल्या.

काल साडेपाचला यांनी दारावर टकटक केली. "अगं, काकू आल्यात, लग्नातले फोटो दाखवायला." मी आतूनच सांगितलं, सहा वाजता सुटते, तोवर चहा तुम्ही टाका. बाहेर जरा वेळ शांतता. मग काकूंचाच आवाज आला, "टाका की भाऊजी. साखर मला कमी."